स्टॉलमधून लडाख

१९६४ साल सरत आलंय. गिरगावातल्या थिएटरबाहेर तुम्ही तिकिटाच्या रांगेत आहात. पोस्टरवर चेतन आनंदचा ‘हकीकत’. खिडकीपर्यंत पोहोचेस्तोवर मागच्या दोघांनी चीनशी झालेली बासष्टची अख्खी लढाई पुन्हा लढून घेतली आहे : गरम कपडे नव्हते, बंदुका जुन्या, तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन असे नि तसे. शेवटी गाडी मेनन यांच्या जागी आलेल्या यशवंतराव चव्हाणांवर येते, तेव्हा कुठे दोघांचं एकमत होतं.

आत डोअरकीपर बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवतो. फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट संपतो आणि समोर लडाख उभं राहतं. कृष्णधवल, उघडंबोडकं, नावालाही झाड नाही. बासष्टच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा मुलूख इथल्या प्रेक्षकांनी फक्त रेडिओवर ऐकला होता.

मेजर झालेला बलराज साहनी कुठेही गर्जत नाही. माघारीचा हुकूम आलाय, माणसं थकलीत, ती जमतील तितकी खाली न्यायची; एवढंच त्याच्या डोळ्यांत दिसतं. मग वेढ्यात अडकलेल्या जवानांना घर आठवतं. शब्द कैफी आझमींचे, चाल मदनमोहनची. एकाच गाण्याला आवाज चार : रफी, तलत, मन्ना डे आणि नवखा भूपिंदर सिंग, जो पडद्यावरही त्या जवानांत आहे. एकाचं कडवं संपतं, तिथून दुसरा उचलतो. दुःख ज्याचं त्याचं, पण गाणं साऱ्या तुकडीचं. तुमच्या मागच्या रांगेत दाण्याची पुडी वाजते. कुणीतरी ‘शूऽऽ’ करतं.

मध्यंतरात शेजारच्या बाई आपण होऊन सांगतात, “माझ्या पाटल्या मी संरक्षण निधीला दिल्या हो.” स्वरात बढाई नाही, त्या नीट पोहोचल्या ना, एवढीच चौकशी आहे.

पुढे धर्मेंद्रचा कॅप्टन आणि लडाखी अंगमो शत्रूला थोपवून धरतात, बाकीचे निसटावेत म्हणून. थिएटरात शिट्टी नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलेले. तुम्हाला ठाऊक आहे की १९९७ मध्ये ‘बॉर्डर’ हा सिनेमा येईल, १९७१ च्या युद्धातला लोंगेवालाचा विजय दाखवील आणि टाळ्या घेईल. या प्रेक्षकांना तसा विजय दाखवायची सोय नव्हती. म्हणून चेतन आनंदने त्यांना सोबत दाखवली : हरत असतानाही शेजारच्याला सोडून न जाणारी माणसं. पराभवानंतर दोनच वर्षांनी तिकीट काढून हे बघायला आलेल्या गिरगावकरांचंही मला कौतुक वाटतं.