कचेरीचा स्नेह आणि पनवेलची गाडी

कचेरीचा इतिहास लिहितांना हुकूम, दप्तर आणि वेतन यांचाच विचार होतो; शेजारच्या मेजावरील मनुष्याशीं जडणाऱ्या स्नेहाची नोंद कोणत्याच दप्तरांत नसल्यामुळें तो विषय तसाच राहून जातो. पनवेलपुरतें तरी तो स्नेह कोठें वाढला हें सांगतां येण्यासारखें आहे, आणि तें स्थान कचेरी नव्हे.

पनवेल तालुक्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत कारकून होते. त्या काळीं इकडील मनुष्य नोकरीस लागला कीं गांव सोडी. १८५२ मध्यें नगरपालिका लाभलेल्या या बंदराच्या गांवास मुंबईची हार्बर लोकल मिळाली ती १९९८ मध्यें. तत्पूर्वी ती १९९२ त वाशीस आणि १९९३ त बेलापुरास येऊन थांबली होती.

या गाडीनें कारकुनास घरीं राहूं दिलें, परंतु त्याचे रोजचे तीनएक तास घेतले. पनवेल हें आरंभींचें स्थानक, म्हणजे बसावयास जागा! (हें सुख काय असतें तें कुर्ल्याच्या मनुष्यास विचारावें.) जागा मिळाली कीं पत्ते निघत, भजन निघे, बायकांच्या डब्यांत भाजी निवडतां निवडतां हळदीकुंकवाचे बेत ठरत, दसऱ्यास डब्याला तोरण चढे. कोणाच्या मुलीस स्थळ पाहावयाचें, कोणाच्या आईस कोणत्या डॉक्टरकडे न्यावयाचें, याचा निकाल नेरूळ ते चेंबूर या पट्ट्यांत लागे.

२०२० च्या मार्चांत लोकल सामान्य प्रवाशांस बंद झाली. १८९० पासूनची डबेवाल्यांची फेरीही थांबली. २०२१ च्या फेब्रुवारींत ठराविक वेळांपुरती गाडी खुली झाली, एप्रिलांत पुन्हां मिटली, आणि ऑगस्टांत दोन लसी घेतलेल्यांस मोकळी झाली. तोंवर संगणकावर काम करणारांची कचेरी नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत येऊन बसली होती. काम अडलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. पण पडद्यावरील सभेस विषय असतो आणि वेळ असते. पत्त्यांच्या डावास दोन्ही नसत. जुन्या मित्रांनीं जुना स्नेह फोनवर टिकविला. त्या वर्षांत नव्यानें नोकरीस लागलेल्या तरुणास मात्र टिकवावयास कांहीं नव्हतेंच.

स्त्रियांचा हिशेब निराळा. वांचलेले तीन तास त्यांच्या हातीं पडलेच असें नाहीं. पुष्कळ घरीं ते स्वयंपाकघरानें गिळले, आणि भाजी मात्र एकटीस निवडावी लागली. आम्हांस हीच हानि मोठी वाटते. पुरुषास नाका उरतो, कट्टा उरतो. जिला तो डबा हाच कट्टा होता तिनें कोठें बसावें? आतां आठवड्यांतून दोनतीन दिवस कचेरीस जाण्याची रीत बऱ्याच ठिकाणीं पडली आहे. पण डब्यांतील मंडळ अशा वांटणीनें जमत नाहीं. एकीचा वार मंगळवार असतो, दुसरीचा गुरुवार.