ऐकून घेण्याचा इतिहास



हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर अफझलगंज नावाची जुनी पेठ आहे. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांच्या नावावरून तिचे हे नाव पडले. या पेठेत नदीकाठी दोन भव्य वास्तू उभ्या आहेत : एक उस्मानिया रुग्णालयाची आणि दुसरी राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची. १८९१ साली ‘आसफिया’ या नावाने स्थापन झालेले हे ग्रंथालय १९३६ साली अफझलगंजातील या वास्तूत आले. उर्दू, फारसी, अरबी, तेलुगू, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा अनेक भाषांतील ग्रंथ तेथे एका छपराखाली नांदतात. शेजारच्या कपाटातील भाषा कळत नाही म्हणून कोणताही ग्रंथ गोंगाट करीत नाही. माणसांच्या सभेत मात्र असे नेहमीच घडते असे नाही.

आजच्या भाषणाचा विषय आहे नभोवाणीवरील मुलाखती. लेखक, कलावंत आणि सामाजिक कार्यकर्ते यांना ध्वनिक्षेपकासमोर बसवावे, संस्कृती आणि सामाजिक न्याय यांविषयी त्यांना बोलते करावे, आणि ते बोलणे घरोघरी पोचवावे, ही प्रथा आता आपल्या चांगल्या परिचयाची झाली आहे. परंतु कोणाला बोलू द्यावयाचे, कोणत्या भाषेत, आणि ते ऐकावयाचे कोणी, हा प्रश्न नभोवाणीच्या यंत्राहून जुना आहे. त्याचा एक बोधप्रद प्रसंग अफझलगंजापासून पायी जाण्याच्या अंतरावर, विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात घडला. तो आपणा मराठी माणसांशी निगडित असल्यामुळे आधी सांगतो.

१९२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद तेथे भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारा असा अध्यक्ष, आणि पंडित केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांनी वाढविलेल्या विवेकवर्धिनी संस्थेचे सभास्थान, असा तो योग होता. इंग्रजीत, उर्दूत आणि मराठीत भाषणे झाली व लोकांनी ती शांतपणे ऐकली. नंतर आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील आपला ठराव मांडण्यासाठी उठले आणि तेलुगूत बोलू लागले. तोच सभेतील मराठी मंडळींनी हुर्यो करून त्यांना बोलणे अशक्य केले.

या घटनेचे मर्म समजण्यासाठी त्या राज्याची भाषिक स्थिती ध्यानात घ्यावी लागते. राज्यातील सुमारे निम्म्या प्रजेची मातृभाषा तेलुगू होती आणि सुमारे चतुर्थांश प्रजेची मराठी. राजदरबार, कचेऱ्या आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ यांचा व्यवहार मात्र उर्दूत चाले. आपल्या भाषेला मान नाही, मुलांना तिच्यातून उच्च शिक्षण नाही, हे दुःख मराठी आणि तेलुगू दोघांचेही होते. ज्यांना स्वतःला हे दुःख ठाऊक होते, त्यांनीच समाजसुधारणेच्या मांडवात आपल्याहून मोठ्या संख्येच्या भाषेला हसावे, हे विपरीत होते. सभेतील ती माणसे दुष्ट नव्हती, सुधारणेच्या कळकळीनेच ती तेथे आली होती. शेजाऱ्याचे म्हणणे शेजाऱ्याच्याच भाषेत ऐकून घेणे हाही सुधारणेचा भाग आहे, एवढे मात्र त्यांना सुचले नाही.

अपमान झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि त्यांनी ‘आंध्र जनसंघम्’ ही संस्था स्थापन केली. माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव असे नेते तिच्यातून पुढे आले. खेडोपाडी वाचनालये काढणे, तेलुगू शाळा चालविणे, वेठीस विरोध करणे अशी कामे तिच्यातून उभी राहिली आणि पुढे तिचेच रूपांतर आंध्र महासभेत झाले. बुर्गुल रामकृष्णराव हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, अनेक भाषांचे जाणकार. १९५२ साली हैदराबाद राज्याचे निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री तेच झाले. एका सभेने एका माणसाचे ऐकून घेतले नाही, आणि त्या न ऐकण्यातून एक मोठी चळवळ जन्मास आली.

यानंतर दहाबारा वर्षांनी हैदराबादेत नभोवाणी आली. महबूब अली नावाच्या गृहस्थांनी चिराग अली गल्लीत अवघ्या २०० वॅट शक्तीचे क्षेपकयंत्र बसवून खाजगी केंद्र सुरू केले. १९३५ साली निजाम सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले, आणि १९३९ पासून सरूरनगर येथील ५ किलोवॅटच्या क्षेपकावरून ‘डेक्कन रेडिओ’चा आवाज राज्यभर जाऊ लागला. मुख्य भाषा उर्दू होती, तरी तेलुगू, मराठी आणि कन्नड या भाषांनाही थोडाथोडा वेळ दिला जाई. परंतु केंद्र दरबाराचे होते. दरबारास जे रुचेल तेच त्यावरून बोलले जाई, आणि १९४८ च्या त्या तणावाच्या महिन्यांत तर त्याचा उपयोग उघड प्रचारासाठी झाला. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी याच केंद्रावरून निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली, आणि पाठोपाठ भारत सरकारचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी बोलले. मराठवाडा ज्या दिवसास मुक्तिदिन मानतो, त्या दिवसाची वार्ता लोकांनी अशी कानांनी ऐकली. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे अखिल भारतीय नभोवाणीत विलीन झाली.

या स्थित्यंतराची खूण म्हणून एकच उदाहरण देतो. तेलुगू कवी दाशरथी कृष्णमाचार्य यांना निजामाच्या राजवटीत निजामाबादच्या तुरुंगात डांबले होते. लिहावयास कागद नाही, म्हणून त्यांनी कोळशाने भिंतीवर कविता लिहिली. हेच दाशरथी पुढे हैदराबादच्या नभोवाणी केंद्रात नोकरीस लागले. ज्या कवीची वाणी तुरुंगाच्या भिंतीबाहेर जाऊ नये म्हणून राजसत्तेने खटपट केली, त्याच्यासाठी पूर्वीच्या दरबारी केंद्राचे दार उघडले.

तथापि, दार उघडले म्हणजे सर्वांना आत जागा मिळाली असे नव्हे. स्वातंत्र्यानंतरही नभोवाणी सरकारचीच होती. काय ऐकण्याजोगे आणि काय नाही, हे दिल्लीत ठरे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्या महाराष्ट्राचेच विद्वान होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला नभोवाणीवर मानाचे स्थान दिले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ दार बंद केले, आणि श्रोते सिलोन केंद्राकडे वळले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. हेतू कितीही चांगला असो, श्रोत्यास न विचारता त्याची अभिरुची ठरविता येत नाही.

श्रोत्यास विचारून पाहण्याचा एक मोलाचा प्रयोग त्याच सुमारास पुण्यास झाला. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकावा, त्यावर आपसांत चर्चा करावी, शंका व मते केंद्राकडे कळवावीत, आणि केंद्राने पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यावीत, अशी ती योजना होती. आजवर एकाच दिशेने वाहणारा आवाज यामुळे उलटही वाहू लागला. याच केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखा लेखक काम करीत होता, हाही योगायोग नव्हता. खेड्यातला माणूस कसा बोलतो, हे ज्याने कान देऊन ऐकले आहे, त्यालाच त्याच्यासाठी लिहिता येते.

आता भाषण आणि मुलाखत यांतील भेद पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा हैदराबादशी निकटचा संबंध होता. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातील औरंगाबादेस १९५० साली त्यांच्या संस्थेने महाविद्यालय काढले, आणि १९५३ च्या जानेवारीत उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावर भाषण केले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. ते भाषण होते. वक्त्याने जे सांगावयाचे ठरविले, ते त्याने सांगितले.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, बी.बी.सी.साठी त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित झाली. विषय महात्मा गांधी आणि पुणे करार यांचा, म्हणजे अत्यंत नाजूक. प्रश्नकर्ता थोडके विचारतो, आणि डॉ. आंबेडकर कोणतीही भीड न ठेवता बोलतात. त्यांची मते ज्यांना पटत नाहीत, त्यांनाही तो आवाज आज ऐकता येतो. त्यातील आवेग, थांबणे, एखाद्या शब्दावर दिलेला जोर हे सर्व छापील पृष्ठावर आले नसते. ज्या माणसाला लहानपणी शाळेत इतर मुलांपासून दूर बसावे लागले, त्याला कोणीतरी सन्मानाने प्रश्न विचारला आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये तोंड घातले नाही, ही गोष्ट मला त्या मुलाखतीतील सर्वांत मोठी वाटते. १९२१ च्या सभेने जे केले नाही, ते येथे एका प्रश्नकर्त्याने केले.

परंतु डॉ. आंबेडकर हे जगन्मान्य विद्वान होते आणि बोलत होते इंग्रजीत. ज्यांच्यासाठी ते झगडले, त्या शेतमजूर स्त्रीला ध्वनिक्षेपक कधी मिळणार, हा प्रश्न उरलाच होता. त्यास आणखी चाळीस वर्षे लागली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची वा कोणा एकाची मिरास नव्हे. न्यायपीठाचा मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी, आणि त्याच निष्कर्षाचा स्वतंत्र निकाल लिहिणारे न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी हे तेलुगू. तरीही कायद्याचे दार सावकाश उघडले. शिक्षणसंस्थांना २००२ साली आणि लोकसंस्थांना २००६ साली स्वतःची लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली.

हैदराबादहून सोलापूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावर जहिराबाद लागते. त्याच्या जवळ माचनूर नावाचे खेडे आहे. तेथील दलित शेतकरी स्त्रियांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या साहाय्याने, परवाना मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ध्वनिफितींवर कार्यक्रम मुद्रित करून आपल्या मंडळांत ऐकविण्यास आरंभ केला होता. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा ‘संघम् रेडिओ’ प्रत्यक्ष सुरू झाला आणि त्याचे उद्घाटन न्यायमूर्ती सावंत यांनीच केले. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोन तरुणींनी केंद्राची सूत्रे सांभाळली. बाहेरच्या नभोवाणीवर त्यांची बोली नव्हती, त्यांच्या बियाण्यांची नावे नव्हती, पेरणी-कापणीची त्यांची गाणी नव्हती. म्हणून त्यांनी गावातील वृद्ध स्त्रियांनाच प्रश्न विचारले : हे बी कोणत्या जमिनीत रुजते, या दुखण्यावर कोणता पाला चालतो, हे गाणे तुला कोणी शिकविले? शहरातील सुशिक्षित तेलुगू माणूस ज्या बोलीला हसत असे, तीच बोली तेथे प्रमाण ठरली.

वर्गात ज्या मुलाच्या बोलीला एकदा हसले जाते, ते मूल पुढे हात वर करीत नाही, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. त्याचे उत्तर चुकलेले नसते, पण ते वर्गाला कधीच कळत नाही. समाजाचेही असेच होते. म्हणून लेखक, कलावंत वा कार्यकर्ता यांची मुलाखत घेणाऱ्याने पांडित्य दाखविण्यापेक्षा तीन गोष्टी पाळाव्यात असे मला वाटते. ज्याच्याकडे आजवर कोणी गेले नाही, त्याच्याकडे जावे. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे. आणि उत्तर आपल्याला न रुचणारे निघाले, तरी ते पुरे होऊ द्यावे.

जाता जाता एक सुखद गोष्ट सांगतो. ज्या १९२१ साली विवेकवर्धिनीत तेलुगू वक्त्याची हुर्यो झाली, त्याच साली तेलंगणात एक मूल जन्मले. निजामाच्या राज्यातील विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्यामुळे त्याला शिक्षणासाठी महाराष्ट्राची वाट धरावी लागली, तेथे त्याने मराठी आत्मसात केली, आणि पुढे हरिभाऊ आपटे यांची एक मराठी कादंबरी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. ते अनुवादक म्हणजे भारताचे माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव. आपण त्यांच्या भाषेला हसलो होतो, त्यांनी आपल्या भाषेतील एका विधवेची कहाणी आपल्या घरी नेऊन ऐकविली. त्या कादंबरीचे मूळ नाव आपणा सर्वांना परिचित आहे : ‘पण लक्षात कोण घेतो?’ नभोवाणीवर बोलणाऱ्या प्रत्येकाचा आणि ऐकणाऱ्या प्रत्येकालाच उद्देशून असलेला हा प्रश्न आपल्यापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.