शासकीय समारंभ आणि धार्मिक उल्लेख : अमेरिकेतील न्यायालयीन वाद

शपथविधी, विधिमंडळाच्या बैठकीचा प्रारंभ, ध्वजवंदन, सार्वजनिक शाळांतील पदवीदान यांसारख्या प्रसंगी ईश्वराचे नाव घेण्याची किंवा प्रार्थना म्हणण्याची प्रथा अनेक देशांत आढळते. ही प्रथा शासनाच्या धार्मिक तटस्थतेशी सुसंगत आहे काय, या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक महत्त्वाचे खटले झाले. वाद बहुधा थोड्याच शब्दांविषयीचा असतो. तथापि शासनाच्या समारंभात श्रद्धाहीन वा अन्यधर्मीय नागरिकाचे स्थान इतरांच्या बरोबरीचे आहे काय, हा त्यामागील खरा प्रश्न होय.

संविधानातील तरतुदी : अमेरिकेच्या संविधानाने (१७८७) अध्यक्षाच्या शपथेचा मजकूर शब्दशः दिला आहे. मूळ इंग्रजीत तो ३५ शब्दांचा असून त्यात ईश्वराचा उल्लेख नाही. शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञा करण्याची मुभाही त्यात आहे; तिचा लाभ फ्रँक्लिन पिअर्स या अध्यक्षाने १८५३ मध्ये घेतला. कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्मविषयक कसोटी लावता येणार नाही, असे सहाव्या अनुच्छेदात म्हटले आहे. पुढे १७९१ मध्ये अंमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्माची प्रस्थापना करणारा अथवा धर्माचरणास प्रतिबंध करणारा कायदा करण्यास काँग्रेसला मनाई केली.

प्रारंभीच्या काळातील आचार मात्र एकसारखा नव्हता. पहिल्या काँग्रेसने १७८९ मध्ये केलेल्या पहिल्याच कायद्यात सदस्यांच्या शपथेत ईश्वराचे नाव नव्हते. त्याच वर्षी न्यायाधीशांसाठी ठरविलेल्या शपथेत ‘परमेश्वर मला साहाय्य करो’ हे शब्द होते. त्याच काँग्रेसने आपल्या सभागृहांसाठी सवेतन धर्मोपदेशक नेमले. टॉमस जेफर्सन याने अध्यक्ष या नात्याने प्रार्थनादिन जाहीर करण्याचे नाकारले. जेम्स मॅडिसन याने तसे जाहीरनामे काढले खरे, पण उत्तरायुष्यातील टिपणांत त्याने सभागृहांच्या धर्मोपदेशकांची प्रथा संविधानाशी विसंगत ठरविली. जॉर्ज वॉशिंग्टन याने ३० एप्रिल १७८९ रोजी शपथेच्या अखेरीस ईश्वराचे साहाय्य मागितले, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु तशी नोंद त्या समारंभाच्या समकालीन वृत्तांतात आढळत नाही. ही कथा प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथांत आली. अध्यक्षाने हे शब्द उच्चारल्याचा समकालीन पुरावा चेस्टर आर्थरच्या १८८१ मधील शपथविधीपासून मिळतो. शपथविधीच्या कार्यक्रमात धर्मगुरूंच्या प्रार्थनांचा समावेश तर १९३७ मध्ये, फ्रँक्लिन रूझवेल्टच्या दुसऱ्या शपथविधीच्या वेळी प्रथम झाला. पुढील निवाड्यांत परंपरेला जे महत्त्व आले, ते पाहता हा तपशील ध्यानी घेण्याजोगा आहे.

पहिले महत्त्वाचे निवाडे : शाळेतील ध्वजवंदनाची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये बार्नेट खटल्यात अवैध ठरविली. हे आव्हान जेहोवाज विटनेसेस या पंथाच्या अनुयायांचे होते. त्यानंतर शीतयुद्धाच्या काळात साम्यवादी राष्ट्रांच्या निरीश्वरवादाहून आपले वेगळेपण दर्शविण्याची प्रवृत्ती बळावली. १४ जून १९५४ रोजी ध्वजप्रतिज्ञेत ‘ईश्वराधीन’ या अर्थाचे शब्द घालण्यात आले आणि १९५६ मध्ये ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ हे राष्ट्राचे अधिकृत ब्रीद ठरले.

नोटरीच्या पदासाठी ईश्वरावरील श्रद्धा जाहीर करण्याची मेरिलंड राज्याची अट १९६१ मध्ये टॉर्कासो खटल्यात एकमताने रद्द झाली. पुढील वर्षी, एंजल खटल्यात, न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी तयार केलेली २२ शब्दांची प्रार्थना घटनाबाह्य ठरली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी त्या निवाड्याच्या एका तळटीपेत, राष्ट्रीय वा समारंभीय प्रसंगी होणारे ईश्वराचे उल्लेख या प्रार्थनेहून भिन्न आहेत, असे नमूद केले. शासकीय समारंभ व शाळा यांत न्यायालयांनी पुढे जो भेद केला, त्याचे बीज या तळटीपेत होते.

परंपरेची कसोटी : नेब्रॅस्काच्या विधिमंडळात एकच प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १९६५ पासून सोळा वर्षे प्रार्थना म्हणत होता व त्याला दरमहा ३१९.७५ डॉलर वेतन राज्याच्या तिजोरीतून मिळत असे. सदस्य अर्नी चेंबर्स यांनी त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ही प्रथा वैध ठरविली. शासनाच्या कृतीचा हेतू ऐहिक असावा, तिचा मुख्य परिणाम धर्मास पोषक वा बाधक नसावा आणि तिच्यामुळे शासन धर्मात गुंतू नये, अशी त्रिविध कसोटी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनीच १९७१ मध्ये लेमन खटल्यात मांडली होती. येथे मात्र त्यांनी ती लावली नाही. पहिल्या काँग्रेसने धर्मोपदेशकांच्या वेतनास मान्यता दिल्यावर अवघ्या तीन दिवसांनी मूलभूत हक्कांच्या मसुद्यास अंतिम रूप दिले. तेव्हा या दोहोंत तिला विरोध दिसला नसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी भिन्नमतपत्रिकेत, अशा प्रार्थनांविषयीचे आपले १९६३ मधील अनुकूल मत चुकीचे होते, अशी कबुली दिली.

अशा उल्लेखांच्या समर्थनार्थ ‘समारंभीय ईश्वरवाद’ ही संज्ञाही पुढे आली. ती येल विद्यापीठातील यूजीन रॉस्टो यांनी १९६२ मध्ये योजिली आणि ब्रेनन यांनी १९८४ मधील लिंच खटल्याच्या भिन्नमतात तिचा निर्देश केला. पुनःपुन्हा उच्चारल्यामुळे या शब्दांतील धार्मिक आशय लोपला आहे, असा तिचा आशय होय. हे समर्थन श्रद्धावंतांनाही अडचणीचे होते. कारण त्यानुसार ईश्वराचे नाव अर्थशून्य मानले तरच ते वैध ठरते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत न्यायालयाने अधिक कठोर भूमिका घेतली. ऱ्होड आयलंडमधील एका सार्वजनिक शाळेच्या पदवीदान समारंभात यहुदी धर्मगुरूने म्हटलेली प्रार्थना १९९२ मध्ये वीसमन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी अवैध ठरली. अशा प्रसंगी उभे राहून मौन पाळणे हीदेखील किशोरवयीनांच्या दृष्टीने सक्तीच होय, असे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी म्हटले.

अध्यक्षांच्या शपथविधीस आव्हान : कॅलिफोर्नियातील नास्तिक वैद्य व विधिज्ञ मायकेल न्यूडाउ यांनी ध्वजप्रतिज्ञेतील ‘ईश्वराधीन’ या शब्दांविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात २००२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २००४ रोजी, म्हणजे ते शब्द प्रतिज्ञेत येऊन पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, तो निर्णय रद्द केला. मुलीच्या वतीने दावा करण्याचा अधिकार न्यूडाउ यांना नाही, एवढेच कारण बहुमताने दिले. मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला.

शपथविधीतील प्रार्थनांविरुद्ध त्यांनी २००१ व २००५ च्या समारंभांच्या वेळी केलेले दावे निष्फळ ठरले. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी अन्य व्यक्ती व संस्था यांसह तिसरा दावा दाखल केला; सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स हे त्यातील एक प्रतिवादी होते. बराक ओबामा यांनी स्वतःहून ईश्वराचे नाव घेण्यास वादींची हरकत नव्हती. संविधानाने ठरविलेल्या मजकुरात सरन्यायाधीशाने आपल्या अधिकारात भर घालून ती अध्यक्षाकडून वदवून घ्यावी, यास त्यांचा आक्षेप होता. ओबामा यांनीच तशी इच्छा व्यक्त केल्याचे प्रतिपक्षाने सांगितले. मनाई हुकूम मिळाला नाही आणि २० जानेवारी २००९ रोजी ते शब्द उच्चारले गेले. त्या दिवशी संविधानातील मूळ शब्दांचाच क्रम चुकल्याने दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा देण्यात आली.

अपील न्यायालयाने मे २०१० मध्ये दावा फेटाळला. झालेल्या समारंभाविषयी आता काही करता येण्याजोगे उरलेले नाही आणि पुढील समारंभांत काय म्हणावे हे भावी अध्यक्ष ठरवतील, तेव्हा सरन्यायाधीशास मनाई करून वादींचे गाऱ्हाणे दूर होणार नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी वादींचा दावा करण्याचा अधिकार मान्य केला, पण परंपरेच्या आधारे हे उल्लेख वैध ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले.

नंतरचे निवाडे : न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस या नगराच्या सभेतील, बहुतांशी ख्रिस्ती असलेल्या प्रार्थना २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरल्या. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमतात, शासनापुढे येणाऱ्या नागरिकाने केवळ नागरिक म्हणून यावे, अमुक धर्माचा म्हणून नव्हे, या आशयाची भूमिका मांडली. प्रतिनिधिगृहात निधर्मी आवाहन करू देण्याची मागणी २०१९ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केनेडी खटल्यात लेमनची कसोटी सोडून दिली आणि इतिहास व परंपरा यांस प्राधान्य दिले.

इतर देश : कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सॅगने नगरपरिषदेतील प्रार्थना एकमताने अवैध ठरविली. इंग्‍लंडमध्ये नास्तिक संसदसदस्य चार्ल्‌स ब्रॅडलॉ यांना १८८० मध्ये निवडून येऊनही शपथेच्या वादामुळे १८८६ पर्यंत रीतसर आसन मिळाले नाही. त्यांच्याच प्रयत्नाने १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांस खुला झाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास उपस्थित होते. भारताच्या संविधानात तिसऱ्या अनुसूचीने ईश्वरसाक्ष शपथ व गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय समान दर्जाने दिले आहेत.

अमेरिकेतील आव्हाने सक्ती सिद्ध झाली तेथे बहुधा यशस्वी झाली आणि केवळ उल्लेखाविरुद्ध होती तेथे दाव्याचा अधिकार व परंपरा या दोन अडसरांवर अडली. परंपरा हीच कसोटी मानली, तर प्रारंभीच्या पिढीचा आचार एकमुखी नव्हता ही अडचण उरते. आणि सर्व जुने उल्लेख काढून टाकावयाचे, तर पदधारकाच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न उद्भवतो. स्वेच्छेने उच्चारलेला शब्द आणि शासनाने वदविलेला शब्द यांतील सीमारेषा, जी न्यूडाउ यांच्या तिसऱ्या दाव्याचा गाभा होती, न्यायालयांनी अद्याप निःसंदिग्धपणे आखलेली नाही.