बिंदू रेषेवर आहे का?

निर्देशक भूमितीत याचा निर्णय आकृतीवर सोपवायचा नसतो. बिंदूचे निर्देशक रेषेच्या समीकरणात ठेवावेत; दोन्ही बाजू समान आल्या, तरच तो बिंदू रेषेवर.

२क्ष + ३य = १२ ही रेषा घेऊ. (३, २) साठी ६ + ६ = १२, म्हणून तो रेषेवर आहे. (४, १) साठी मात्र ११ येतात. आलेख कागदावर १ सेंमी प्रमाण घेतले, तर हा बिंदू रेषेपासून ३ मिमीपेक्षाही जवळ पडतो. ढोबळ आकृतीत नजर सहज फसते. शिवाय ११ ही संख्या १२ पेक्षा लहान, म्हणजे तो आरंभबिंदूच्याच बाजूला आहे, ही माहितीही फुकट मिळते!

रेषाखंडाची अट अधिक कडक. (९, –२) या रेषेवर आहे, पण (०, ४) आणि (६, ०) यांना जोडणाऱ्या रेषाखंडाबाहेर.

आकाराला समीकरणाशी जोडणारी ही दृष्टी रने देकार्त यांच्या १६३७ मधील ग्रंथातून रुजली.