मुंबईत रेखलेली 'तुंगा'

आमच्या बेळगुंदीतल्या घराघरांत दोन लिप्या नांदतात. वीजबिल आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. लग्नपत्रिका आणि साहित्य संमेलनाचे निमंत्रण मराठीत. संगणकाच्या पडद्यावर या दोन्ही लिप्यांमागे एकाच मराठी माणसाचा हात होता, हे मला फार उशिरा कळले.

तो माणूस म्हणजे र. कृ. जोशी (१९३६–२००८). उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक, पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक, आणि कवीही. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांच्या दिग्दर्शनाखाली देवनागरीचा 'मंगल' आणि कन्नडचा 'तुंगा' हे टंक मुंबईत तयार झाले. 'मंगल'ला विनय सायनेकरांचे साहाय्य होते. तो विंडोज २००० बरोबर आला आणि 'तुंगा' २००१ च्या एक्सपीबरोबर.

निर्णयसागरच्या काळी ठसे कोरणारे राणोजी आरू आणि छापखान्याचे मालक जावजी दादाजी एकाच मुंबईत होते. वेलांटी बिघडली तर समोरच दाखवता येई. इथे आकार मुंबईत, पण ते जोडणारी यंत्रणा अमेरिकेत, रेडमंडला! आणि आपल्या लिप्या जोडकामाच्याच. देवनागरीत अर्धे अक्षर पुढच्याला बिलगते, तर कन्नडमध्ये दुसरे व्यंजन खाली जाऊन बसते. म्हणजे नुसती चित्रे धाडून भागत नाही, कोण कोणाला कुठे चिकटणार याचे नियमही आकारांबरोबर द्यावे लागतात. ओपनटाइपने ती सोय केली. त्याआधी एका गावात जुळवलेला मजकूर दुसऱ्या गावच्या संगणकावर उघडला की नुसती खिचडी दिसे. आमच्या सीमाभागात तर ती दोन भाषांची!

मात्र या दूरच्या सहकार्यात एक गोष्ट निसटली, असे माझे मत आहे. 'मंगल'मधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत. एकच टंक साऱ्या देवनागरीला पुरवायचा, तर बहुसंख्यांचे वळण जिंकणार. त्यात आखणाऱ्याला दोष देता येत नाही. पण मराठी शाळेच्या फळ्यावर आम्ही गिरवलेले अक्षर ते नव्हे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना क्रमांक एकच, त्यामुळे कोणते दिसायचे ते टंकच ठरवतो. संमेलनाच्या निमंत्रणांवर अजूनही पुष्कळदा हिंदी 'ल' येतो. मी तो पेनाने दुरुस्त करतो, घरचे हसतात.