वल्ह्याच्या होडीस शीड

ज्या पवना धरणाच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडच्या लाखो कुटुंबांची तहान भागते, त्या धरणाच्या जलाशयावर सुटीच्या दिवशीं हल्लीं बरीच वर्दळ असते. तुंग आणि तिकोना या दोन किल्ल्यांच्या पायथ्याशीं शहरांतील तरुण मंडळी तंबू ठोकून राहतात आणि रंगीबेरंगी प्लास्टिकच्या कायाक घेऊन पाण्यांत उतरतात. कायाक म्हणजे एका माणसाची लांबट, निमुळती होडी. तिला दोन्ही टोकांस पातें असलेलें एकच वल्हें लागतें. फाल्गुनांतल्या एका रविवारीं आम्ही तेथें गेलों असतां चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत काम करणारा एक तरुण अशाच एका होडीवर शीड चढवीत होता. डोलकाठी वेळूची, शीड जुन्या तंबूच्या कापडाचें आणि दोरी कपडे वाळत घालण्याची! दुपारीं घाटाकडून वारा सुटला, तसा तो मोठ्या डौलानें निघाला. शंभर-दीडशें हात गेला असेल नसेल, तोंच डोंगराच्या खांद्यावरून एक झोत तिरपा आला आणि होडी, शीड व खलाशी तिघेंही पाण्यांत गेलीं. अंगांत लाइफ-जॅकेट होतें म्हणून चिंता नव्हती. निथळत कांठावर येऊन तो म्हणाला, "काका, वारा पाठीवर होता तोंवर सगळें ठीक होतें."

त्याच्या या एका वाक्यांत या सर्व विषयाचें मर्म आलें आहे. वल्ह्याचा जोर पाण्याच्या पातळीशीं लागतो. शिडाचा जोर डोक्याच्या उंचीवर लागतो. वारा पाठीमागून आला, तर तो होडीस नुसता पुढें लोटतो. परंतु तोच बाजूनें आला, कीं अर्धा जोर होडीला कलंडविण्यांत आणि उरलेला तिला खेंकड्यासारखी आडवी सरकविण्यांत खर्च होतो. मोठ्या जहाजास खोल पठाण म्हणजे तळाचा कणा असतो, पोटांत वजन असतें, रुंदी असते. हातभर रुंदीच्या, तळ गुळगुळीत असलेल्या होडीजवळ यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून होडीला शीड जोडणें हें दिसतें तितकें सोपें काम नव्हे. शीड येतांना आपल्याबरोबर दुसऱ्या चार मागण्या घेऊन येतें. त्या मागण्या किती मान्य करावयाच्या, या एका प्रश्नावर निरनिराळ्या देशांच्या लोकांनीं निरनिराळीं उत्तरें दिलेलीं आहेत.

कायाक ही मूळ ग्रीनलंड, अलास्का वगैरे उत्तरेकडील हिमप्रदेशांतल्या इन्युइट शिकाऱ्यांची नाव. लांकडाच्या व हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती बनवीत, आणि शिकारी तींत कमरेपर्यंत जणूं शिवलेला असे. तिला हौसेच्या प्रवासाचें वाहन बनविण्याचें श्रेय मुख्यतः जॉन मॅक्ग्रेगर नांवाच्या स्कॉटिश वकिलाकडे जातें. १८६५ सालीं त्यानें 'रॉब रॉय' नांवाची ओकच्या लांकडाची, वरून देवदाराच्या जातीच्या फळ्यांनीं झांकलेली नाव करविली. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, वजन ८० पौंड. लांबी पंधराच फूट कां, तर जर्मन आगगाडीच्या डब्यांत ती मावली पाहिजे! सात फुटी दुपाती वल्हें हें तिचें मुख्य साधन. सोबत एक लहानसें चौकोनी शीड व पुढें एक तिकोनी शीड. ही नाव घेऊन तो युरोपच्या नद्या आणि सरोवरें हिंडला व १८६६ सालीं त्यानें त्या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तें इतकें गाजलें कीं त्याच सालीं इंग्लंडांत या नावांचा एक क्लबही निघाला. मॅक्ग्रेगरची नाव तीन इंच पाण्यांत तरंगे आणि तिचा कणा अवघा एक इंच असे. अर्थात् आडव्या वाऱ्याशीं झुंजण्याचा तिचा दावाच नव्हता. अनुकूळ वारा मिळाला तर हातांस विसांवा, एवढ्याचपुरतें तें शीड.

पण माणसास विसांव्यावर संतोष मानण्याची संवय नाहीं. त्याच क्लबांतील वॉरिंग्टन बेडन-पॉवेल—बालवीर चळवळीच्या जनकाचा हा वडील भाऊ—याच्या 'नॉटिलस' नांवाच्या नावांत शिडें वाढत गेलीं. तीं पेलण्यासाठीं तळांतून खालीं सरकणारी फळी आली, पोटांत शिशाचें वजन आलें. १८८६ सालीं तो अमेरिकेंत शर्यतीस गेला, तेव्हां तेथील लोक नावेच्या आंत न बसतां तिच्या कडेवर बसून स्वतःच्या अंगाच्या भारानें तिला तोलून धरीत असत. त्यांच्या हलक्या नावांपुढें ह्या जड नावा मागें पडल्या. पुढें पॉल बटलर नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें नावेच्या बाहेर दोन्ही अंगांस सरकणारी आडवी बैठक बसविली. वेग अफाट वाढला यांत शंका नाहीं. परंतु आतां ती नाव वल्हवावयाची राहिली नाहीं. वल्हें आपलें नांवापुरतें. शीड आलें होतें सोबती म्हणून, आणि अखेर घरधनी होऊन बसलें.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार कोणीं केला होता काय? केला होता, आणि तोही हौसेसाठीं नव्हे तर राज्य रक्षणासाठीं. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारावर एक प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नसाव्यात व फार लहानही नसाव्यात, गलबतेंही त्याच बेतानें बांधावीं, आणि वारा नसेल तर निरुपयोगी ठरणारीं अवाढव्य जहाजें बांधण्याच्या भरीस पडूं नये, असा त्यांतील उपदेशाचा आशय आहे. ज्यांच्यापाशीं थोर जहाजें होतीं अशा युरोपियनांशीं ज्यांना रोज गांठ घालावयाची होती, त्यांनीं हें लिहावें याला अर्थ आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर वारा पडतो, खाडीच्या तोंडाशीं वळतो, पहांटे जमिनीवरून आणि दुपारीं समुद्रावरून येतो. अशा ठिकाणीं केवळ शिडावर विसंबणारा मनुष्य घटकाभर तरी दुसऱ्याच्या हातीं सांपडणारच.

आंग्र्यांच्या गलबतांचें वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें केलें आहे, तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. गलबत सहसा सत्तर टनांहून मोठें नसे. त्यास दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची नाजूक. मोठ्या काठीवर एकच भलें थोरलें तिकोनी शीड, ज्याचें टोंक काठीच्याही वर जाई. आणि याशिवाय चाळीस-पन्नास भक्कम वल्हीं, ज्यांच्या जोरावर तें तासास चार मैल चाले. वारा पडला म्हणजे हीं गलबतें गुराबांस दोर लावून ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेत, आणि वाऱ्यावांचून जागच्या जागीं खिळलेल्या जहाजावर तेथून मारा करीत. आंग्र्यांस इंग्रजांनीं चांचे म्हटलें, आणि आमच्याकडील लेखकांनीं त्या शब्दाचा योग्य तो समाचार घेतलाच आहे. पण त्या वादाच्या धुळींत त्यांच्या नौकांची ही घडण मात्र थोडी दृष्टीआड झाली. १७५६ सालीं विजयदुर्गास तें आरमार जळालें, तें समुद्रावर हरून नव्हे. खाडींत कोंडलें गेल्यावर, समुद्रांतून वॉटसनचीं जहाजें आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज अशा पेंचांत सांपडून तें गेलें. शीड आणि वल्हें या दोहोंचा उपयोग मोकळ्या पाण्यांतच!

परंतु गलबत कितीही लहान म्हटलें तरी त्यावर पन्नास माणसें असत. एका-दोघांच्या अरुंद होडीचा प्रश्न कोंकणच्या कोळ्यांनीं दुसऱ्याच युक्तीनें सोडविला. होडीच्या एका अंगास, तिच्यापासून कांहीं हात दूर, हलक्या लांकडाचा एक ओंडका दोन आडव्या वांशांनीं जखडलेला असतो. यास उलांडी म्हणतात. होडी उलांडीच्या बाजूस कलूं लागली कीं ओंडका पाण्यांत दबून तिला वर लोटतो. उलट बाजूस कलली तर ओंडक्याचें वजनच तिला मागें खेंचतें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर एखादा गडी वांशावर जाऊन बसतो. म्हणजे बटलरसाहेबांची सरकती बैठक आमच्याकडे पूर्वापार होतीच, असें कोणी म्हणेल. मला इतकें लांब जावयाचें नाहीं. १९२० सालीं जेम्स हॉर्नेल यांनीं भारतीय नौकांच्या घडणीवर एक मोठा निबंध लिहिला. त्यांच्या मतें उलांडीची ही कल्पना मूळ पूर्वेकडील द्वीपसमूहांतल्या दर्यावर्दी लोकांची. ती कोठूनही आली असो, कोंकणांत ती मुरली, आणि तिच्यामुळें होडी रुंद न करतां, जड न करतां, तिच्यावर शीड चढूं शकलें. वारा असेपर्यंत शीड, वारा गेला कीं वल्हें; दोन्ही साधनें शेवटपर्यंत कामाचीं राहिलीं.

याच किनाऱ्यासमोरून १९३५ च्या सुमारास एक विलक्षण प्रवासी गेला. ऑस्कर स्पेक हा हँबर्गकडील विजेचीं कामें करणारा कारागीर. जर्मनींतल्या मंदींत काम गेलें, तेव्हां सायप्रसच्या तांब्याच्या खाणींत कांहीं मिळेल या आशेनें १९३२ च्या मे महिन्यांत तो उल्म गांवाहून घडीच्या कायाकमध्यें बसून डॅन्यूब नदींत उतरला. सायप्रस गांठल्यावर खाणीचा विचार मागें पडला, आणि युफ्रेटिस नदी, इराणचें आखात, कराची, भारताचा पश्चिम किनारा, सिलोन असें करीत, हिंवतापाशीं आणि लाटांशीं झगडत तो १९३९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या उंबरठ्यावर पोंचला. तोंवर महायुद्ध सुरू झालें होतें. शत्रुराष्ट्रांतील मनुष्य म्हणून त्यास लगेच अटकेंत टाकण्यांत आलें. त्याच्या नावेस शीड होतें, पण कितीसें? अवघें सोळा चौरस फूट. एखादें मध्यम सतरंजीएवढें देखील नव्हे. त्याच्या आधीं १९२८ सालीं फ्रान्झ रोमर नांवाचा दुसरा जर्मन अशाच घडीच्या नावेस शीड लावून ५८ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला होता. मात्र पुढच्या टप्प्यांत तो वादळांत सांपडला आणि त्याचा ठाव लागला नाहीं. सात वर्षें वाट चालणाऱ्या स्पेकचें शीड इतकें लहान होतें, हें मला अधिक बोलकें वाटतें.

हें सारें त्या दिवशीं पवनेच्या कांठीं मीं त्या तरुणास सांगितलें असें नव्हे. भिजलेल्या माणसास व्याख्यान देणें बरें नव्हे. उलांडीचें चित्र मात्र वाळूंत काढून दाखविलें. तो यंत्रांतला मनुष्य. वांसे किती लांब, ओंडका किती वजनाचा, हे प्रश्न त्यानें मलाच उलट विचारले, आणि मला त्यांचीं उत्तरें देतां येईनात. चैत्रांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां तो तेथें होताच. होडीच्या डाव्या अंगास दोन वेळूंनीं बांधलेला, बूच घट्ट बसविलेला प्लास्टिकचा लांब नळा होता, आणि शीड पूर्वीच्या निम्म्यानें कापलेलें होतें. वारा तिरपा आला, नळा पाण्यांत दबला, होडी थोडी कलून पुन्हां सरळ झाली. पलीकडच्या कांठाजवळ वारा पडला. तेव्हां त्यानें शीड गुंडाळून डोलकाठीस बांधलें आणि वल्हें मारीत तो परत निघाला. नळ्याच्या ओढीनें होडी एकसारखी डावीकडे वळत होती, आणि दर तिसऱ्या-चौथ्या हातास त्याला ती सरळ करून घ्यावी लागत होती.