अकरा महिन्यांचं घर

मंडळी, मधले तीन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण सगळे शनिवार-रविवार घरं बघण्यात जात होते. विकत घ्यायला नव्हे (मुंबईत? हॅ हॅ), भाड्याने. तेही फक्त सात महिन्यांसाठी.

पार्श्वभूमी अशी. लग्नाला दीड वर्ष झालं तरी आम्ही दोघं सलग पंधरा दिवस एका घरात राहिलो नव्हतो. मी पुण्यात, हिंजवडीला. बायको मुंबईत, परळला मुलींच्या पीजीमध्ये, तिघींत मिळून एक कपाट. शुक्रवारी रात्री दोघांपैकी एकाने गाडी पकडायची आणि सोमवारी पहाटे डोळे चोळत परत. मग मला लोअर परळला क्लायंटच्या ऑफिसात सात महिन्यांचं काम मिळालं आणि आम्ही दोघांनी फोनवर अक्षरशः आरडाओरडा केला. सात महिने एकत्र!

हिने अट घातली, 'घर बघून बरं वाटलं पाहिजे. पुन्हा ट्यूबलाइट आणि लोखंडी खाट नको.' माझी अट, दोघांच्या पगारातून काहीतरी उरलं पाहिजे. मी एक्सेल शीट केली. भाडं, डिपॉझिट, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, खिडकी आहे का, आणि शेवटचा कॉलम 'बरं वाटतं का'. सर्व्हिस अपार्टमेंटचे दर विचारले तर एकाचा पगार तिथेच संपत होता. उरलेल्या घरांपैकी परवडणाऱ्या सगळ्यांसमोर शेवटच्या कॉलममध्ये 'नाही' आणि 'हो' असलेल्या सगळ्यांसमोर भाड्याचा आकडा लाल.

दादर स्टेशनबाहेर एका ब्रोकरला म्हटलं, आम्हाला सातच महिने हवंय.

'सर, ॲग्रीमेंट अकराचंच होतं.'

'पण अकराच का?'

'असंच असतं सर.'

ज्यांनी कधी जुना कोड सांभाळलाय त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल. 'असंच असतं' याचा अर्थ, कधीकाळी कुणीतरी काहीतरी कारणासाठी लिहिलं होतं, तो माणूस कंपनी सोडून गेला, आणि आता हात लावायची कुणाची हिंमत नाही. मग मी घर शोधता शोधता हा अकराचा आकडाही शोधायला लागलो. चार वीकेंड गेले. जे सापडलं ते सांगतो.

मुंबईत येऊन काही दिवस, काही महिने राहणं ही गोष्ट नवी नाही. लोकमान्य टिळक मुंबईला आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरायचे. १९०८ साली त्यांना अटक झाली ती तिथे, आणि १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही तिथेच. पण सरदारगृह काय किंवा गिरगावातल्या खाणावळी काय, सगळा कारभार मुख्यतः एकट्या पुरुषांचा. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा बायका नव्हत्या. नवरा मुंबईत, बायको कोकणात नाहीतर घाटावर. (म्हणजे आमच्या संसाराचं मॉडेल शंभर वर्षं जुनं निघालं. :-))

जोडप्यासाठी घर ही कल्पना मुंबईत हळूहळू आली, आणि तिच्यामागे प्लेग होता. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, आणि ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, झाडं, इमारतींमध्ये मोकळी जागा. आजची हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन ही सगळी त्यातली. गिरणी कामगारांच्या वाट्याला मात्र १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. १६० चौरस फुटांची एक खोली, संडास सगळ्यांना मिळून.

मग १९३० चं दशक. इथे मी खरंच रमलो. सिमेंट काँक्रीट आलं, लिफ्ट आली, घरात वीज आली आणि 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' नावाची वस्तू आली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतले लोक फ्लॅटला 'ब्लॉक' म्हणायचे ते हेच. संडास-न्हाणीघर दाराच्या आत! आज आपल्याला यात काही वाटत नाही, पण चाळीत वाढलेल्या नव्या नवरीला काय वाटलं असेल विचार करा. वर या इमारती दिसायलाही झकास. गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, खिडकीवर भुवईसारखा काँक्रीटचा छज्जा, जिन्याच्या ग्रिलमध्ये समुद्राच्या लाटा, दारावर उठावाच्या अक्षरांत इमारतीचं नाव. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या अशा इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, पण तशाच साध्या इमारती दादर-माटुंग्यात गल्लोगल्ली आहेत. १९३७ ला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं. नव्या जमान्याचं घर आतून कसं असावं, ते लोकांना दाखवायला.

आणि खरी गंमत म्हणजे यातलं बरंचसं भाड्याने द्यायलाच बांधलेलं होतं. व्यापारात पैसा मिळवलेला माणूस तो इमारतीत घालायचा, कारण दरमहा येणारं भाडं हे त्याचं फिक्स्ड डिपॉझिट. सरकारी नोकर, शिक्षक, वकील, बँकेतला कारकून हे गिऱ्हाईक. म्हणजे आमच्या एक्सेल शीटमध्ये जे एकत्र जमत नव्हतं, दिसायला छान आणि खिशाला परवडणारं भाड्याचं घर, ते या शहराने ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी बांधून दाखवलं होतं!

मग बंद का पडलं?

युद्ध. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली होती तेव्हा १९१८ ला मुंबईत भाडेनियंत्रण आलं, आणि दहाएक वर्षांत गेलंही. दुसऱ्या युद्धात सिमेंट आणि लोखंड लष्कराकडे वळलं, बांधकामं थांबली, माणसं येतच राहिली, आणि मग फाळणीनंतर निर्वासित आले. बृहन्मुंबईच्या हद्दीतली लोकसंख्या १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत साधारण १८ लाखांवरून ३० लाखांवर गेली. अशा वेळी मालकाला मोकळं सोडलं असतं तर त्याने निम्मं शहर रस्त्यावर आणलं असतं. म्हणून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याच्या पूर्ण नावात 'हॉटेल अँड लॉजिंग हाऊस रेट्स' हे शब्दही आहेत, म्हणजे लॉजचे दरसुद्धा त्यात धरलेले. १ सप्टेंबर १९४० ला घराचं जे भाडं होतं ते 'स्टँडर्ड रेंट'. नंतर बांधलेल्या घराला पहिल्यांदा जे भाडं मिळालं ते स्टँडर्ड. तिथून पुढे जवळजवळ गोठलेलं. भाडेकरू भाडं देतोय तोवर त्याला काढणं महाकठीण.

कायदा ठरावीक मुदतीसाठी होता. पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत तो २००० सालापर्यंत चालला. 'तात्पुरता फिक्स आहे, पुढच्या रिलीजला नीट करू' हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलंय, त्यामुळे हसायचं तोंड नाही.

परिणाम दोन झाले आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, भाड्यासाठी इमारत बांधणं हा वेडेपणा ठरला. पैसे घालणारे मालकीच्या फ्लॅटकडे वळले, त्याचा वेगळा कायदा १९६३ ला आला. जुन्या इमारतींची दुरुस्ती त्या भाड्यात होईना. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल घ्या. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेलं, ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या फिल्म जिथे दाखवल्या ते. पुढे त्याच्या खोल्या भाड्याने गेल्या, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला ती इमारत धोकादायक म्हणून रिकामी करायला लावावी लागली.

दुसरा परिणाम माझ्या घरातला. आजोबा गिरगावात चाळीत राहायचे, एका खासगी पेढीवर कारकून. आमच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे, त्यात त्यांच्या भाडेपावत्या आहेत, महिन्यांच्या क्रमाने, एकही सुरकुती नाही. आत्या सांगते, घरात दागिना नव्हता पण पावत्यांच्या डब्याला कुलूप होतं. पावती हरवली तर खोली गेली! त्या कवडीमोल भाड्यावर तीन मुलं शिकली. बाबा इंजिनियर झाले ते त्यामुळेच. आणि १९८० च्या दशकात आजोबांनी खोली सोडली तेव्हा पागडी घेतली. पागडी तेव्हा बेकायदा होती (१९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली), पण पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचे पहिले पैसे तिथून आले. तेव्हा '१९४७ च्या कायद्याने मुंबईची वाट लावली' असं सरसकट विधान मी तरी करणार नाही. आजोबांचं घर वाचलं, नातवाला मिळत नाही. दोन्हींचं कारण एकच.

नव्या जोडप्यांचे हाल मधल्या काळात कुणी विचारूच नयेत. राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' १९७० चा आणि बासू चॅटर्जींनी त्यावरून केलेला 'पिया का घर' १९७२ चा. एका खोलीत अख्खं कुटुंब आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा नाही, एवढीच गोष्ट. पिक्चर विनोदी, पण थिएटरात हसणाऱ्यांतले बरेचजण रात्री तशाच खोलीत परत जात असणार.

आता अकराकडे. भाडेकरू केला की तो कायमचा, म्हणून मालकांनी पळवाट काढली. भाड्याने द्यायचं नाही, नुसती 'वापरायची परवानगी' द्यायची. लीव्ह अँड लायसन्स. काही वर्षं सुरळीत चाललं. मग सरकारने पॅच मारला. १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सवर राहत होता तो संरक्षित भाडेकरू! एका रात्रीत. मालकांनी जो धसका घेतला तो घेतलाच. त्यानंतर घर द्यायचं तर मोठ्या कंपनीला नाहीतर बँकेला, नाहीतर सरळ कुलूप. या दुरुस्तीतून जे सुटले त्यांत होता पेइंग गेस्ट, म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घरातल्या एका भागात राहणारा. मुंबईत घरोघर पीजी का, बायकोच्या वाट्याला एक तृतीयांश कपाट का, याचं निदान एक कारण हे.

आणि अकरा? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. अकरा लिहिले की नोंदणी टळते, स्टॅम्पचे पैसे वाचतात, आणि मालकाला रात्री झोप लागते. पुढे १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असं म्हटलं, आणि महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात लायसन्सची मुदत संपूनही जो हलत नाही त्याला दुप्पट पैसे. आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवायलाच लागतो. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा लिहायचे ते कारण महाराष्ट्रात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच गेलं. सात लिहा, चोवीस लिहा, कायद्याला फरक पडत नाही. अकरा आपला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीसारखा चिकटून बसलाय.

हे सगळं मी ब्रोकरला सांगितलं. तो म्हणाला, 'बरोबर आहे सर. पण अकराच लिहूया.'

घर शेवटी माटुंग्याला मिळालं, ब्रोकरकडून नव्हे, बायकोच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या ओळखीने. तीन मजली इमारत, मालकीणबाईंच्या आजोबांनी १९३० च्या दशकात बांधलेली. पुढच्या बाजूला जुने भाडेकरू, ज्यांचं महिन्याचं भाडं आमच्या एका पिझ्झ्यापेक्षा कमी. मागचा ब्लॉक काकूंच्या वडिलांनी १९७३ नंतर कुणाला दिलाच नव्हता. त्यात गाद्या, तांब्याची भांडी आणि जुने पंखे राहत होते. मुलगा परदेशी गेल्यावर काकूंनी साफ करून घेतला. काळ्या-पांढऱ्या टाइल्स, खिडकीला लाटांचं ग्रिल, गोल कोपऱ्याची बाल्कनी. वर्षानुवर्षं रिकामं ठेवलेलं घर, त्यामुळे त्यांची भाड्याची अपेक्षा बाजारापेक्षा कमी आणि माणसांची जास्त. नाव-गाव, आईवडील, 'मांसमच्छी करता का', सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाल्या, 'अहो, सात महिन्यांनी नक्की जाल ना? आमचे दादा फार घाबरायचे हो.'

'जाऊ काकू, नक्की,' बायको म्हणाली.

करार करायला एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. काकूंचा अंगठा चार वेळा लागेना. करार अकराचा झाला, काकूंच्या आग्रहाने.

परवा क्लायंटने काम चार महिन्यांनी वाढवलं. भीत भीत खाली गेलो आणि काकूंना सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

'सात आणि चार अकराच ना? मग राहा की. तेवढं लिहिलेलंच आहे.' आणि मी जिना चढायला लागल्यावर मागून, 'पण अकराच हं!'